गाड्या नाहीत, चढ आहे: आर्देशमधल्या जुन्या रेल्वेलाइनवर ग्रॅव्हल सायकल

फ्रान्समध्ये सायकल चालवायची म्हटलं की लोकांना एकतर टूर द फ्रान्सचे घाट आठवतात नाहीतर लोआर नदीकाठचा सपाट रस्ता. डोंगर पाहिजे पण गाड्या नकोत असं म्हणालात तर एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, घ्या आणि दगडातून जा असं सांगतात. मधला रस्ता आहे, आणि तो इतका छान आहे की मला तो सगळ्यांना सांगायचाय. आर्देश जिल्ह्यातली दोल्चे व्हिया. रोन नदीकाठच्या ला वूल्त गावापासून एरियो नदीच्या खोऱ्यातून ल शेलारपर्यंत, तिथून एक फाटा वर सँ-ताग्रेवला आणि दुसरा लामास्त्रला, सगळं मिळून ९० किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सगळी वाट दाबून बसवलेल्या बारीक खडीची आणि जवळजवळ पूर्ण मोटारमुक्त.

आम्ही लिऑनला राहतो. सप्टेंबरात बाबा भुसावळहून आले होते. ते रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, म्हणजे रूळ, खडी, पूल, मोऱ्या हे सगळं त्यांच्या हाताखाली, इगतपुरीलाही काही वर्षं होते. आयुष्यभर सायकलवर ड्युटीला गेलेत, त्यामुळे सायकलचं त्यांना काही वाटत नाही, पण गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत आणि मला त्यांना डोंगरात न्यायचं होतं. गाडीने नाही, सायकलनेच. कारण गाडीतून दरी दिसते फक्त, तिचा वास येत नाही.

आधी वाट निवडण्याबद्दल लिहिते कारण अर्धं काम तिथेच होतं. फ्रान्समध्ये "व्हॉय व्हेर्त" हा वाहतुकीच्या कायद्यातला प्रकार आहे, २००४ पासून नियमात त्याची व्याख्याच आहे, की इथे फक्त बिनमोटारीची वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार. यातल्या कितीतरी वाटा बंद पडलेल्या रेल्वेलाइनीवर आहेत. बुर्गुन्यमधली जिव्री ते क्ल्युनी ही सुरुवातीची, १९९७ ची, ती डांबरी आहे, मुलं घेऊन जायला उत्तम. पण ग्रॅव्हल सायकलची, म्हणजे खडीवर आणि कच्च्या रस्त्यावर चालवायच्या रुंद टायरच्या सायकलची, खरी मजा दोल्चे व्हियासारख्या खडीच्या वाटेवर येते, आणि तिथून बाजूच्या जंगलातल्या वाटांवर वळता येतं ते वेगळंच.

त्या बाजूच्या वाटा मी अशा शोधते: ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या इंटरनेटवरच्या नकाशावर कच्च्या रस्त्यांना ग्रेड वन ते ग्रेड फाइव्ह असे दर्जे दिलेले असतात, टू आणि थ्री असतील तर चाळीस एमएमच्या टायरला मस्त, फोर असेल तर पाऊस झालाय का ते आधी बघायचं, फाइव्ह म्हणजे माती नाहीतर गवतच, ते सोडून द्यायचं. मग सरकारी नकाशासंस्थेचा, आयजीएनचा १:२५,००० नकाशा उघडून समोच्चरेषा, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या रेषा, बघायच्या. वाट त्या रेषांना समांतर जात असेल तर जायचं, काटकोनात कापत असेल तर सायकल ढकलावी लागणार हे पक्कं. आणि तिसरी गोष्ट, फ्रान्समध्ये ३ जानेवारी १९९१ चा एक कायदा आहे, त्यानुसार सार्वजनिक वाहतुकीला खुले असलेले रस्ते सोडून निसर्गात कुठेही मोटार किंवा मोटरसायकल घालायला बंदी आहे. म्हणून जंगलातल्या वाटा इतक्या शांत राहिल्यात. लाकूडतोडीचा एखादा ट्रॅक्टर भेटतो तेवढाच.

माझ्या सायकलला ट्यूबलेस चाळीसचे टायर आहेत, हवा ३०-३२ पीएसआय ठेवते, पुढचं लहान चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळचं दातेरी चाक, ३० दातांचं आणि मागचं सर्वात मोठं ३४ चं. एवढ्यावर सामानासकट सगळं चढता येतं. बाबांसाठी ई-बाइक भाड्याने घेतली, तीही ट्रेनने व्हालाँस शहरात पोचल्यावर, कारण लोकल ट्रेनमध्ये, म्हणजे टीईआरमध्ये, बऱ्याच डब्यांत सायकल उभी करून हुकाला लटकवावी लागते आणि पंचवीस किलोची ई-बाइक उचलून लटकवणं त्यांच्या कमरेला शक्य नव्हतं आणि माझ्याही. युरोपात ई-बाइकची मोटर २५० वॅटची आणि ताशी २५ च्या वर मदत बंद, पॅडल मारावंच लागतं. बाबांना हे आवडलं. "म्हणजे चालवायची मीच ना, मग ठीक आहे."

व्हालाँसपासून ला वूल्तपर्यंत व्हिया रोना धरायची. ही जिनिव्हाच्या सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ८१५ किलोमीटरची सायकलवाट आहे. इथे ती सपाट आहे, फार काही सांगण्यासारखं नाही, फक्त मिस्त्राल वारा उत्तरेकडून येतो आणि आपण दक्षिणेला जात असतो त्यामुळे पाठीवर हात ठेवून कोणी ढकलतंय असं वाटतं. परत येताना तोच वारा तोंडावर असतो, तेव्हा त्याचा हिशोब आधीच धरून ठेवा.

ला वूल्तच्या पुढे एरियोच्या खोऱ्यात शिरलो की सगळं बदलतं. हे खोरं पीच फळांसाठी नावाजलेलं आहे, खालच्या भागात दोन्ही बाजूंना बागा, आमच्या वेळी फळं संपलेली होती. मग दरी आवळत जाते, उतारांवर सुक्या दगडांचे बांध घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जमिनी, बऱ्याच आता झाडीने खाल्लेल्या, आणि नदीकाठी मोठमोठ्या दगडी इमारती ज्यांना एका ओळीत खूप खिडक्या. त्या रेशमाच्या गिरण्या. एकोणिसाव्या शतकात आर्देश हा रेशमाला पीळ देण्याच्या धंद्याचा मोठा जिल्हा होता, डोंगरातल्या पाण्यावर ती यंत्रं चालायची आणि कामाला बहुतेक तरुण मुली असायच्या. रेल्वे आली तीही या गिरण्या, शेतमाल आणि माणसांसाठी.

लेझ-ओलिएर गाव मागे पडल्यावर चढ सुरू झालाय हे मला कळलंच नाही, बाबांना लगेच कळलं. ते थांबले, सायकल स्टँडला लावली, खाली वाकून मागची वाट एक डोळा मिटून बघितली. अशी बघायची त्यांची जुनी सवय, रुळाची लेव्हल ते तशीच बघायचे.

"अगं हा रस्त्याचा चढ नाही, रुळाचा चढ आहे. कुठेही दांडगाई नाही."

"तीन टक्क्यांच्या आत आहे म्हणतात, बाबा."

"तीन टक्के म्हणजे एकास तेहतीस. आपला कसारा घाट एकास सदतीस. तिथे मागून बँकर इंजिन लावतो आपण. हे काही कमी नाही गं."

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं पुढचं सगळं सायकल चालवणं बदललं. रेल्वेचा माणूस वळणावर चढ थोडा कमी ठेवतो, कारण वळणात चाकं रुळाला घासतात आणि ओढायला जास्त जोर लागतो, त्याला ते कर्व्ह कॉम्पेन्सेशन म्हणतात. आणि स्टेशनच्या आवारात जमीन जवळजवळ सपाट लागते, कारण उभा असलेला डबा आपोआप घरंगळायला नको, आपल्याकडे त्याला एकास चारशेची मर्यादा आहे. म्हणजे काय तर जुनं स्टेशन आलं की चढ थांबणार. आम्ही ते तपासत गेलो. खरंच, झाडांतून एखादी जुनी दगडी स्टेशनची इमारत दिसायला लागली की पायातला भार हलका व्हायचा, शंभर-दोनशे मीटर सपाट, आणि इमारत मागे पडली की पुन्हा तोच शांत चढ. बरीच स्टेशनं आता कोणाची तरी घरं झालीत, काहींच्या भिंतीवर गावाचं नाव अजून आहे. तेव्हापासून मी दम खायला कुठे थांबायचं हे स्टेशनांवरून ठरवते, किलोमीटरवरून नाही.

लाइन मीटरगेजची होती. ला वूल्त ते ल शेलार १८९१ मध्ये सुरू झाली, वरचे जोड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले. मीटरगेज का तर रूळ जवळ असले की वळणं जास्त आवळता येतात, म्हणून ही वाट नदी जिकडे वळेल तिकडे वळते, डोंगर फोडून सरळ जायचा हट्ट करत नाही. बोगदे आहेत पण थोडे, लाइट मात्र लावाच, आत गारवा आणि अंधार दोन्ही एकदम येतात. एका पुलावर बाबा खाली उतरून माती धरून ठेवणाऱ्या रिटेनिंग वॉलजवळ गेले आणि त्यातली पाणी जायची भोकं हाताने चाचपून बघायला लागले, सगळी उघडी होती, एकातून थेंब थेंब पाणी येत होतं, आणि भिंतीच्या पायथ्याशी बाजूचं गटार पानं काढून स्वच्छ केलेलं होतं. "कोणीतरी अजून ड्युटी करतंय इथे" म्हणाले आणि भिंतीवर दोनदा थाप मारली.

पाण्याची ही काळजी उगाच नाही. एरियो नदी दिसायला उन्हाळ्यात घोट्याएवढी, मोठमोठे गोटे उघडे पडलेले, पण शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरची उबदार दमट हवा या डोंगरउतारांवर येऊन आदळते आणि काही तासांत प्रचंड पाऊस पडतो. १८५७ चा एरियोचा महापूर इथे अजून सांगतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणार असाल तर हवामानखात्याचे इशारे रोज सकाळी बघा, नारिंगी इशारा असेल तर दरीत उतरूच नका, एक दिवस गावात कॉफी पीत काढा. पाऊस होऊन गेल्यावर खडीच्या कडेला पाण्याने चर पाडलेले असतात, उतारावर वाटेच्या मधोमध राहायचं.

प्यायच्या पाण्याची एक युक्ती, फ्रान्समध्ये सगळीकडे चालते: गावाची दफनभूमी शोधायची. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो आणि बहुतेक ठिकाणी ते नेहमीचं पिण्याचंच पाणी असतं, "ओ नों पोताब्ल" (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर मात्र नाही. बाबांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग आत शिरताना चप्पल काढू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं, तर टोपी काढून हातात धरली आणि बाटल्या भरल्या.

खाण्याचं नियोजन मात्र नीट करा. बेकरी दुपारी बंद होते, सोमवारी तर बऱ्याच गावांत उघडतच नाही, आणि हॉटेलात जेवण बारा ते दीडच्या दरम्यान मिळालं तर मिळालं. मी सायकलच्या पुढच्या पिशवीत चेस्टनटच्या गोड क्रीमच्या छोट्या ट्यूबा ठेवते, प्रिव्हासची क्लेमाँ फोजिए कंपनी १८८० च्या दशकापासून ते बनवते, एनर्जी जेलपेक्षा कितीतरी चांगलं आणि इथलंच. चेस्टनट या डोंगराचं मुख्य अन्न होतं, गहू इथे फारसा पिकत नाही तेव्हा लोक हेच वाळवून, दळून खायचे. आर्देशच्या चेस्टनटला आता मूळस्थानाचा अधिकृत दर्जा आहे. सँ-सोव्हर-द-मोंताग्युच्या वर वाटेवर काटेरी बोंडं पडायला सुरुवात झाली होती, टायरखाली फुटतात तेव्हा आतली तपकिरी फळं उडून बाजूला जातात. ट्यूबलेसला काही होत नाही, पण हाताने उचलायला जाऊ नका.

रात्रीच्या मुक्कामाला "आक्कोय व्हेलो" हा शिक्का बघून घर घेतलं. तो शिक्का मिळायला घर सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत लागतं, सायकली ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीचं जुजबी सामान लागतं. शाकाहारी आहोत हे मी बुक करतानाच लिहून कळवलं होतं, आयत्या वेळी सांगितलं तर डोंगरातल्या घरात बिचाऱ्यांची धावपळ होते. आम्हाला क्रीक वाढलं, बटाटा किसून लसूण, कोथिंबिरीसारखी पार्स्ली आणि अंडं घालून तव्यावर कुरकुरीत केलेलं, बाबांसाठी बिनअंड्याचं. बाबा म्हणाले हे तर बटाट्याचं थालीपीठ. सोबत पिकोदों, बकरीच्या दुधाचं चपटं गोल चीज, ते बाबांनी एक घास खाल्लं आणि मला दिलं.

ल शेलार हे खोऱ्यातलं मोठं गाव, इथे सोन्याचा मुलामा दिलेले दागिने बनवायचे कारखाने आहेत, सायकलचं काही सामान लागलं तर इथेच घ्या कारण वर काही मिळत नाही. इथून सँ-ताग्रेवचा फाटा हा माझ्या मते पूर्ण मार्गातला सर्वात चांगला भाग. सँ-मार्तँ-द-व्हालामासच्या वर एका काळ्या सुळक्यावर रोशबोनच्या किल्ल्याचे अवशेष दिसतात, वाट त्याला वळसा घालत जाते त्यामुळे किल्ला आधी समोर, मग डावीकडे, मग पाठीशी येतो. मधले काही तुकडे कमी रहदारीच्या गावरस्त्यावरून जातात, तिथे लक्ष ठेवा. झाडं बदलतात, चेस्टनट संपतं, पाइन सुरू होतं, हवा थंड होते, जॅकेट बाहेर येतं. काहीजण गाडीने वर जाऊन फक्त उतरतात, मला ते पटत नाही, कारण रोनच्या काठावरच्या द्राक्ष-पीचपासून हजार मीटरवरच्या गवताळ पठारापर्यंत आपल्याच पायांनी पोचणं हेच तर या वाटेचं सगळं मोल आहे. तीन टक्क्यांत ते कोणालाही जमतं, हळू जा, बोलत जा.

सँ-ताग्रेव साधारण १,०५० मीटरवर आहे आणि पाणलोटाच्या कडेवर. एरियो इथल्याच परिसरात उगम पावून रोनमार्गे भूमध्य समुद्राला जाते आणि पलीकडच्या उतारावरची लिन्यों नदी लोआरला मिळून अटलांटिकला. नैऋत्येला १,७५३ मीटरचा मेझँक डोंगर आणि जुन्या ज्वालामुखींचे घुमट. बाबा दुसऱ्या दिवशी गावातच थांबले आणि मी पठारावर निघाले, दव्हसेच्या तळ्यावरून ल शाँबों-स्युर-लिन्योंकडे. हे खरं ग्रॅव्हल: पाइनच्या जंगलातून ग्रेड टू, ग्रेड थ्रीच्या वाटा, लांबवर कोणी नाही, फक्त रविवार होता म्हणून एका वळणावर "शास आँ कूर" ही शिकार चालू असल्याची पाटी होती. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम असतो, नारिंगी जॅकेट घाला आणि पाटी दिसली की दुसरी वाट धरा. मी दुसरी धरली.

शाँबोंबद्दल थोडं सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात या पठारावरच्या गावांनी, पास्टर आंद्रे त्रोक्मे आणि त्यांची पत्नी माग्दा यांच्यासारख्या लोकांच्या पुढाकाराने, ज्यू निर्वासितांना आणि त्यांच्या मुलांना घराघरांत, शेतावर, शाळेत लपवलं. ज्यूंच्या हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या इस्राएलच्या याद व्हाशेम संस्थेने १९९० मध्ये हे गाव आणि आसपासच्या लोकांचा सन्मान केला. गावात २०१३ पासून त्याचं स्मृतिसंग्रहालय आहे. आणि ती माणसं इथवर आली कशी, तर याच मीटरगेजच्या जाळ्यातल्या छोट्या गाडीने. संध्याकाळी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "स्टेशन मास्तरला सगळं माहीत असणार. गाडीतून कोण उतरलं ते त्याला कळतंच."

उतरताना पुन्हा ल शेलारला आलो आणि तिथून लामास्त्रचा फाटा घेतला. हा फाटा वेगळा आहे, एका दरीतून दुसऱ्या दरीत जातो, ले नोनिएरपर्यंत चढ आणि मग दू नदीच्या खोऱ्यात उतार. बाबांची बॅटरी शेवटी अर्ध्याच्या खाली आली तरी पुरली, कारण ते स्टेशनच्या सपाटीवर मोटर बंद करून चालवायचे. लामास्त्रला सायकलवाट संपते कारण तिथून पुढे रूळ अजून जिवंत आहेत. ३१ ऑक्टोबर १९६८ ला सगळं जाळं बंद झालं, पण हौशी लोकांनी दुसऱ्याच वर्षी तुर्नों-लामास्त्र हा भाग पर्यटनासाठी परत चालू केला, मध्ये काही वर्षं बंद पडून २०१३ पासून तो पुन्हा धावतोय. त्यांच्याकडे मॅले जातीची वाफेची इंजिनं आहेत, एका बॉयलरखाली चाकांचे दोन संच आणि पुढचा संच वळणात वेगळा फिरतो. गाडी लामास्त्रपर्यंत रोज येत नाही, म्हणून वेळापत्रक बघूनच आमचा सगळा कार्यक्रम उलटा लावला होता.

इंजिन आलं तेव्हा बाबा प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर तरुण होता, इंग्रजी थोडं यायचं, मी मध्ये फ्रेंचमधून मराठीत आणि मराठीतून फ्रेंचमध्ये करत होते, पण थोड्या वेळाने माझी गरजच संपली. बाबांनी हाताने वळण दाखवलं, मग वळणात चढ कमी केल्याची खूण केली, त्याने मान हलवली आणि कॅबमधून एक चिंधी काढून त्यांच्या हातात दिली, आणि दोघांनी मिळून पुढच्या सिलेंडरजवळचा पितळी वंगणकप पुसला.